तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना उत्तर का सांगत नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी रविवारी सकाळी सहा-सात पोरं जमतात, पाच ते आठ वर्षांची, आणि त्यांच्या आया अधूनमधून हेच विचारतात, ताई, तुम्हाला उत्तर माहीत असतं ना, मग सांगून का नाही टाकत? बरं, सांगते.

पहिल्या रविवारी म्हटलं मुंगी काढा. कुणी चार पाय काढले, कुणी आठ, एकाने तर भुवया पण काढल्या. मग ओट्यावर खऱ्या मुंग्यांसमोर बसवलं. पळत्या मुंगीचे पाय मोजून बघा एकदा! वीस मिनिटं नुसती भांडाभांडी, शेवटी एका चिमुरडीने साखरेचा दाणा ठेवला, मुंगी थांबली आणि मोजून झाले, सहा, एका बाजूला तीन. मी सांगितलं असतं तर दोन सेकंदांत झालं असतं, पण साखर कुणाला सुचली असती?

मग रांगेवरून ओलं फडकं फिरवलं. मुंग्या तिथेच येऊन अडायच्या, घिरट्या घालायच्या. एक म्हणे पाण्याला घाबरल्या, दुसरा म्हणे रस्ता हरवला. आता ठरवायचं कसं? तर दुसऱ्या रांगेवर कोरडं बोट घासलं, पाणी नाही, तरी तोच गोंधळ. मुंग्या जाताना पोटाच्या टोकाने वासाची रेघ ओढत जातात, हे मी तेव्हा सांगितलं, आधी नाही. (बोटालाही वास असतो, असं लगेच एकीने ऐकवलं. बरोबरच आहे.)

माती खाल्ली ती मगरीच्या वेळी. थंडीत काळा घोड्याच्या पुलावरून बघितलं तर खाली विश्वामित्री नदीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली, जबडा उघडा. मी उत्साहात सांगून मोकळी, की तिला घाम येत नाही, डोकं तापलं की ती तोंड उघडून थंड करते. सगळे "हं" म्हणाले आणि शेंगवाल्याकडे बघायला लागले. एकच पोरगा कठड्याला चिकटून होता, तो म्हणाला, "मग पाण्यात का नाही जात? बाजूलाच तर आहे."

आता आम्ही वही घेऊन पुलावर जातो. वेळ, ऊन की सावली, तोंड उघडं की बंद. 19 नोंदी झाल्यात. त्यातली एक ढगाळ सकाळची, तोंड उघडं. त्या पोराने तिच्याखाली लाल पेनने दोन रेघा मारल्यात.