ऑगस्टमधलं चेर्तेझे : पुढे बंगला, मागे चूल

म्युनिकला आमच्या खालच्या मजल्यावरचा रोमानियन शेजारी गवंडीकाम करतो. जून लागला की त्याचं सुरू होतं, "पंधरा ऑगस्टला घरी." पहिल्या वर्षी मला वाटलं, हा आपल्या स्वातंत्र्यदिनाबद्दल बोलतोय! तो दिवस रोमानियात मारियामातेचा मोठा सण. इटली, स्पेन, जर्मनीत कामाला गेलेली माणसं त्या सुमारास गावी परततात. मी राजापूरकडचा, गणपतीच्या गाड्या आणि चाकरमानी बघत वाढलेला. त्यामुळे २०२५ मध्ये तो "चल" म्हणाला तेव्हा त्याच्या गावी, रोमानियातल्या चेर्तेझेला, जायला आढेवेढे घेतले नाहीत.

१३ ऑगस्टच्या संध्याकाळी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये व्हॅन आली. माणसं आठ, आणि मागच्या ट्रेलरमध्ये वॉशिंग मशीन, टायर, लहान मुलीची सायकल, चिकटपट्टीनं बांधलेली आणि वर नावं लिहिलेली खोकी. तिकीटबिकीट नसतं, फोनवर जागा धरायची, पैसे ड्रायव्हरच्या हातात. व्हिएन्ना, बुडापेस्ट करत हजारेक किलोमीटर, चौदा तास. पाय लांब असतील तर पुढची जागा आधीच मागून घ्या. मी मागितली नाही, गुडघे दोन दिवस बोलत होते.

१ जानेवारी २०२५ पासून रोमानिया जमिनीच्या सीमेवरही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आला. पूर्वी ऑगस्टात हंगेरीच्या सीमेवर तासन्‌तास रांग लागायची, आता गाडी सरळ निघते. तरी मधूनच तपासणी होऊ शकते, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट हाताशी ठेवा. भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसा चालतो. स्वतःची गाडी असेल तर ऑस्ट्रिया, हंगेरी आणि रोमानिया, तिन्हीकडचा रस्तेकर आधीच ऑनलाइन भरा.

सातू मारे शहरातून नेग्रेश्तीला बस मिळते, सणाच्या दिवशी मात्र तिच्या भरवशावर राहू नका. नेग्रेश्तीच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर चेर्तेझे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं, स्टीलचे चकचकीत कठडे, खांब, संगमरवर, आणि फाटकात फ्रान्सच्या पाट्यांच्या गाड्या. या ओआश भागातली माणसं साम्यवादी राजवटीतही गटागटानं देशभर जंगलसफाईच्या कामावर जात. १९९० नंतर ती पॅरिसला पोहोचली. कित्येकांनी तिथे रस्त्यावर वर्तमानपत्रं विकली, मग बांधकामात शिरली. पैसा आला तो घरात गेला. शेजाऱ्यानं दोन मजले चढवले की आपण तीन. या घरांना तिकडे 'फाला'ची घरं म्हणतात. फाला म्हणजे मिरवणं.

माझ्या म्युनिकच्या शेजाऱ्याचंही असंच घर, त्याची आई मात्र त्या घरात राहत नाही. ती मागच्या अंगणातल्या एका खोलीत, चुलीजवळ. बंगल्यातल्या सोफ्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. रोज संध्याकाळी ती चपला काढून आत जाते, एका मजल्यावर दिवा लावते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. "घर बंद दिसू नये," एवढंच म्हणाली. आम्हीही शेवटी तिच्या खोलीतच जेवलो. आमचं गावचं घरही अकरा महिने कुलपात असतं, पण तिथे दिवा लावणारं आता कुणी उरलेलं नाही.

सगळ्याच गावांत संगमरवर नाही, हेही सांगायला हवं. स्पेनला जाणाऱ्यांना रोमानियात 'काप्शुनार' म्हणत, म्हणजे स्ट्रॉबेरीवाले, नावातच हेटाळणी. इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांची स्वतःची मुलं इकडे आजी-आजोबांकडे वाढली. १९९२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २ कोटी २८ लाख होती, २०२१ मध्ये १ कोटी ९० लाख. एप्रिल २०२० मध्ये सगळं जग घरात बसलेलं असताना रोमानियातल्या क्लुजच्या विमानतळावर जर्मनीत शतावरी काढायला निघालेल्या मजुरांची गर्दी उसळली होती. ती शतावरी आम्ही म्युनिककर दर वसंतात मिटक्या मारत खातो.

तारखा जपून निवडा. १ ते १४ ऑगस्ट ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो आणि उपासात लग्नं लागत नाहीत, आपल्या चातुर्मासासारखंच. त्यामुळे पंधरानंतर लग्नांची झुंबड. शाकाहाऱ्यांनी 'दे पोस्त' हे दोन शब्द पाठ करावेत : उपासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच नाही. एरवी कोबीच्या पानातल्या सारमालेत डुकराचं मांस असतंच. मक्याची ममालिगा चीज-सायीबरोबर मागा, पोट भरतं.

लग्नाचं आमंत्रण आलं तर पाकिटात रोख द्यायची पद्धत आहे. भांडीकुंडी नेऊन फजिती करून घेऊ नका. होरिंका ही आलुबुखारची घरगुती दारू पाण्यासारखी दिसते. पहिला प्याला नाकारणं अवघड, दुसरा नाकारायलाच हवा. ओआशात म्हाताऱ्यांशी इंग्रजीपेक्षा मोडकी फ्रेंच जास्त चालते. खर्च लेईमध्ये, एका युरोला साधारण पाच. खेड्यात रोख लागते.

एक दिवस काढून हुता घाट ओलांडा आणि सापिन्त्साचं 'आनंदी स्मशान' बघा. स्तान इओन पात्राश या सुताराने १९३५ पासून तिथे निळे लाकडी क्रॉस कोरायला घेतले, प्रत्येकावर मेलेल्या माणसाच्याच तोंडी चार ओळी. गर्दी सकाळी नऊनंतर येते.

परतताना सातू मारेत एका हॉटेलात जेवलो. वाढणारा पोरगा नेपाळचा, हिंदीत बोलायला लागला. इथले लोक बाहेर गेले म्हणून सरकारनं २०२२ ते २०२५ दर वर्षी एक लाखापर्यंत परदेशी कामगारांना परवाने द्यायचं ठरवलं होतं. त्याला गावी कधी जाणार विचारलं. "दसऱ्याला, सुट्टी मिळाली तर."

परतीची जागा निघण्याआधीच धरून ठेवा. मी हलगर्जीपणा केला, मग शेवटच्या रांगेत मधली जागा मिळाली. पायांमध्ये शेजाऱ्याच्या आईनं मुलासाठी दिलेली जॅमची बादली, झाकण सैल. व्हिएन्नापर्यंत ती मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.