पार्सलातून गेलेलं कासव

आमची जिल्हा परिषदेची शाळा दापोली तालुक्यात, पुळणीपासून चालत दहा मिनिटांवर. पट बावीस. इथल्या मुलांची परदेशातल्या मुलांशी ओळख करून द्यायची असं मी बोलले, तेव्हा वरिष्ठांचा पहिला प्रश्न, "बाई, खर्च कुठल्या हेडखाली दाखवणार?" हेड नव्हतंच. पोस्टाचा खर्च मी केला.

आयअर्न नावाचं शिक्षकांचं एक जाळं आहे. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून ते सुरू झालं. त्यातला टेडी बेअर प्रकल्प जपानचे शिक्षक चालवतात. दोन वर्ग एकमेकांकडे एकेक मऊ खेळणं पाठवतात. ते तिकडच्या मुलांच्या घरी पाहुणं राहतं आणि मुलं त्याच्या नावानं रोजनिशी लिहून पाठवतात. आमची जोडी लागली शिकोकू बेटावरच्या, तोकुशिमा प्रांतातल्या एका शाळेशी.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि पालकांची संमतीपत्रं यात तीन आठवडे गेले. मी दोन गोष्टी आधीच ठरवून टाकल्या: पत्ता फक्त शाळेचा, आणि मुलांची आडनावं द्यायची नाहीत. एका पालकानं विचारलं, "यातून पोराला जपानात नोकरी लागंल काय?" नाही म्हटलं, तरी त्यांनी सही केली.

अस्वल कुणालाच नको होतं. "आपल्याकडं अस्वल हाय कुठं?" मग चौथीतल्या एका मुलीच्या आजीनं जुन्या लुगड्याचं कासव शिवलं. पाठीला हिरवा काठ, आत चिंध्या आणि डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं. पोस्टात कस्टमचा फॉर्म भरायचा असतो, आत काय काय आहे ते एकूण एक लिहावं लागतं. लिहिताना कळलं की पोरांनी गुपचूप एका बाटलीत पुळणीची वाळू आणि चार काजूबिया घातल्यात. जपानमध्ये माती न्यायला बंदी आहे आणि बियांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. पोस्टमास्तरांनी दोन्ही बाहेर काढलं. वाळू परत पुळणीवर गेली. काजूबियांचं काय झालं ते विचारू नका.

पहिला व्हिडिओ कॉल सपशेल पडला, आणि चूक माझी होती. मी कोळीनृत्य बसवलं होतं, मुलींना नऊवारी, मुलांना टोप्या. तिकडूनही ढोल वाजवून दाखवला. दोन्हीकडे टाळ्या. मग "आवडता रंग कोणता?" "निळा." पुढे सगळे गप्प. तेवढ्यात रेंज गेली, तेव्हा खरं तर मला हायसं वाटलं.

दुसऱ्या कॉलला नाचगाणं ठेवलंच नाही. आमचे सकाळचे अकरा म्हणजे त्यांचे अडीच, त्यामुळे वेळ जुळते. सहावीतल्या एका मुलाचा काका कासवमित्र आहे, म्हणजे पुळणीवरची कासवांची अंडी राखणारा. हा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी तो उठला आणि मोबाईलसमोर दोन्ही हात मागे नेऊन, मागच्या पायांनी मादी खड्डा कसा खणते ते करून दाखवू लागला. वरून अरुंद, खाली फुगीर, सुरईसारखा. मग मुठीएवढं अंडं दाखवलं, ते खोटं वाटून स्वतःच लहान केलं, टेबल टेनिसच्या चेंडूएवढं. आणि "हंड्रेड! हंड्रेड!"

तिकडे एक मुलगी खुर्चीवरून उठली. त्यांच्या किनाऱ्यावरही कासवं येतात. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले, त्यांच्याकडे लॉगरहेड. आपली थंडीत येतात, त्यांची मे ते ऑगस्टमध्ये. त्यांच्या प्रांतात हिवासा नावाचं गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांनी १९५० मध्ये कासवांचा अभ्यास सुरू केला, आणि त्या साली जन्मलेलं एक कासव पाळलं; ते पुढे तिथल्या संग्रहालयात गेलं. हे आमच्याकडे पोचायला दोन्ही बाजूंचं मोडकं इंग्रजी, खडू-फळा आणि बराच हातवारा लागला. त्यांचं इंग्रजी आमच्याइतकंच कच्चं होतं, हे बरंच झालं. कुणी कुणाला लाजलं नाही.

"बाई, तेंची कासवा आपल्यापेक्षा मोठी हायत?" हो. "मग अंडीपण मोठी?" हे विचारायला पुढच्या कॉलपर्यंत थांबावं लागलं. तिकडच्या मुलांनी विचारलं, तुमच्या देवळाच्या दारात दगडी कासव का? त्याचं उत्तर आमच्यात तीन प्रकारे दिलं गेलं आणि वर्गातच भांडण लागलं.

तिकडची मुलं रोज स्वतः शाळा झाडतात, हे ऐकून आमची हसली. आम्हीपण झाडतो, त्यात सांगायचं काय!

कुणाला करायचं असेल तर एक सांगते. जपानचं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपल्या परीक्षा संपेपर्यंत तिकडचा वर्ग बदललेला असतो. पार्सल सप्टेंबरातच निघालं पाहिजे. आमचं निघालं नोव्हेंबरात, म्हणून शेवटच्या रोजनिशा घाईघाईत झाल्या.

लुगड्याचं कासव मार्चमध्ये परत आलं. एक बटण तुटलेलं असावं, त्या जागी निळं बटण होतं. आजीनं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "टाका बारीक हाय. आईनं घातलंय, पोरानं नव्हं."