केबी७२६ : शेपटाकडची चार बोटं

मागच्या नोंदीनंतर तीन आठवडे गेले आणि लँकेस्टरच्या मॉडेलचं फ्युजलाज, म्हणजे विमानाचं धड, अजून बंद झालेलं नाही. पंख, इंजिनं, चाकं सगळं जुळवून डब्यात पडलंय. अडलंय ते शेपटाकडच्या भागात, आणि तेही माझ्याच हट्टामुळे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १/७२ मापात लँकेस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान, करतोय, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ४३ सेंटिमीटर. टेबलावर तिच्याशिवाय दुसरं काही मावत नाही. विमान कॅनडाच्या ४१९ स्क्वॉड्रनचं, क्रमांक केबी७२६, अक्षरं व्हीआर-ए. ऑन्टारिओत माल्टनच्या कारखान्यात बांधलेली मार्क टेन, म्हणजे कॅनडात बांधलेला लँकेस्टरचा प्रकार, इंजिनं पॅकार्डने अमेरिकेत बनवलेली मर्लिन. १२ जून १९४४ च्या रात्री इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जहून ती निघाली, फ्रान्समधल्या कँब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला. नॉर्मंडीत सैन्य उतरून सहाच दिवस झाले होते आणि जर्मनांची कुमक रेल्वेनेच येणार होती. विमान परत आलं नाही. सात जणांपैकी एक जण गेला, अँड्र्यू मिनार्स्की, वय २७.

आधी एक कबुली. मार्क टेन म्हणजे पाठीवर मार्टिन कंपनीचं टरेट (बंदुकांचा फिरता घुमट), असं डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून रेझिनचं सुटं मार्टिन टरेट मागवलं, पैसे गेले, आणि मग एका जुन्या मित्राने फोनवर हसत हसत सांगितलं, "अरे बाबा, सुरुवातीच्या केबींना फ्रेझर-नॅशचंच होतं. मार्टिन नंतर आलं." बरोबर होतं त्याचं. केबी७२६ ला फ्रेझर-नॅशचं एफएन५० च, दोन .३०३ ब्राउनिंगचं. मार्टिनमध्ये .५० च्या दोन मोठ्या बंदुका असत आणि ते बसवायचंही बरंच पुढे. म्हणजे नुसता घुमट बदलून भागलं नसतं, पाठीला नवीन भोक पाडावं लागलं असतं. वाचलो. रेझिनचं टरेट कोणाला हवं असेल तर सांगा.

दुसरा सापळा फोटोंचा. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संग्रहालयात आजही उडणारी लँकेस्टर आहे, व्हीआर-ए, केबी७२६ असंच तिच्या अंगावर रंगवलंय. फोटो हवे तेवढे, रंगीत, स्वच्छ. पण ते विमान खरं एफएम२१३, जुलै १९४५ मध्ये बांधून झालेलं. मिनार्स्कीच्या सन्मानार्थ तिला ते रूप दिलंय. रंगांसाठी आणि अक्षरांच्या जागेसाठी तिच्याकडे बघायला हरकत नाही. बारकावे मात्र तिच्यावरून उचलले की फसलोच.

आता शेपटाकडे. माझ्या किटात, आणि या मापाच्या बहुतेक किटांत, बॉम्बच्या कप्प्याच्या मागे पोकळ नळी असते. पाठीवरचं टरेट वरून टेकवायचं, शेपटीचं टरेट मागून खोचायचं, मध्ये हवा. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे किटवाल्यांना दोष देता येत नाही. पण या विमानाची सगळी गोष्ट त्या हवेतच घडलीये.

उजव्या बाजूचं मागचं दार, तिथून मागे शेपटीच्या टरेटपर्यंत मॉडेलवर बोटं ठेवून पाहिलं. चार बोटं. पाठीवरच्या टरेटमधला गनर, म्हणजे मिनार्स्की, खाली उतरला की दार तिथेच. पॅराशूट लावून उडी मारायची, बस.

त्या रात्री एका जर्मन जंकर्स ८८ विमानाने मागून, खालून गोळे मारले. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, डाव्या पंखाला आग लागली, आणि दुसरी आग पेटली ती दोन टरेटांच्या मधोमध. शेपटीच्या टरेटला फिरवणारा तेलाचा दाब डाव्या बाहेरच्या इंजिनावरच्या पंपातून येतो. इंजिन गेलं, दाब गेला, टरेट जागच्या जागी अडकलं. आत शेपटीचा गनर, पॅट ब्रॉफी. हाताने फिरवायची सोय होती, पण धडपडीत ती मूठ त्याच्याच हातात तुटून आली. वैमानिक आर्ट द ब्रेनने उड्या मारायचा हुकूम दिलेला. मिनार्स्की दाराशी पोचला, आणि त्याला दिसलं की मागे पॅट हललेला नाही.

दार सोडून तो मागे गेला. मांडीएवढ्या उंचीचा शेपटीचा स्पार, म्हणजे आडवी तुळई, मध्ये येतो, त्यावरून जायचं, सांडलेलं तेल पेटलेलं, त्यातून रांगत. तिथे आग विझवायची कुऱ्हाड होती, तिने टरेट उचकटायचा प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी. एव्हाना कंबरेपर्यंतचे कपडे आणि पॅराशूट पेटलं होतं. शेवटी ब्रॉफीनेच हात हलवून सांगितलं, जा. एवढ्या अरुंद जागेत वळताही येत नव्हतं, म्हणून तो पॅटकडे बघत, मागे सरकत दारापर्यंत गेला. तिथे ताठ उभा राहिला, सलाम केला, आणि उडी मारली.

त्या दोघांचा एक जुना खेळ होता. ब्रॉफी अधिकारी, मिनार्स्की खालच्या हुद्द्याचा, पण दोस्ती घट्ट. रात्री निरोप घेताना अँडी, म्हणजे मिनार्स्की, मुद्दाम ताठ उभा राहून, सलाम ठोकून "गुड नाइट, सर" म्हणायचा. दारातून तो काय बोलला ते आवाजात ऐकू आलं नाही, पण शब्द तेच होते, असं ब्रॉफीने पुढे सांगितलंय.

तर ती चार बोटं रिकामी ठेवून फ्युजलाज चिकटवायला माझा हात धजेना. घरी विचारणा झालीच : "दिसणार नाही ना? मग कशाला?" याला उत्तर नाही.

०.२५ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्या कापून आतल्या फासळ्या लावल्या. शेपटीच्या चार बंदुकांना गोळ्यांचे पट्टे पुढच्या पेट्यांतून लांब खोबणींमधून जायचे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्या खोबणी म्हणजे अक्षरशः केसाएवढ्या पट्ट्या. पहिली जोडी वाकडी बसली, सोलून काढली. स्पारही केला. रंग राखी-हिरवा, कडांना थोडं तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. कुऱ्हाड पितळी तारेची, चपटी करून तासली, साडेपाच मिलिमीटर. चिमट्यातून दोनदा उडाली. दुसऱ्यांदा पाऊण तास फरशीवर टॉर्च घेऊन गुडघ्यावर रांगत होतो, सापडली ती माझ्याच बाहीला चिकटलेली. आता ती उजव्या भिंतीवर आहे. नेमकी जागा मी अंदाजाने धरलीये, जाणकारांनी कान पकडावा.

रंगाबद्दल एक सूचना, पावसाळा आहे म्हणून. दमट हवेत लॅकर मारलं की वर पांढुरकी साय येते. माझ्या पंखाखालच्या काळ्यावर आलीच. घाबरून घासू नका. कोरड्या दिवशी नुसतं थिनर आणि थोडं रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रावण) हलक्या हाताने फवारा, साय विरघळते. आणि तो काळा निव्वळ काळा नकोच, चमचाभर गडद राखाडी घाला, नाहीतर एवढ्या छोट्या मापात विमान कोळशाच्या तुकड्यासारखं दिसतं.

मांडणीचा प्रश्न बरेच दिवस छळत होता. जळतं विमान करणार नाही, हे पहिल्यापासून नक्की होतं. कापसाचा धूर, खाली दिवे, तसलं काही मला जमतही नाही आणि या विमानासाठी नकोच. मग १२ जूनची संध्याकाळ घेतली. उड्डाणाआधी गवतात वाट बघत बसले असताना मिनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर, म्हणजे एरवी तीनच पानं असणारं रानगवत, सापडलं होतं. शुभशकुन म्हणतात त्याला तिकडे. त्याने ते ब्रॉफीला देऊन टाकलं. या लोकांची ती तेरावी मोहीम होती, आणि मध्यरात्र उलटली की तारीख १३.

ब्रॉफी वाचला. विमान त्याच्यासकट जमिनीवर आदळलं, झाडाला धडकलं, आणि तो टरेटमधून बाहेर फेकला गेला. फ्रेंचांनी त्याला लपवलं, सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला परतला. मिनार्स्की फ्रेंचांना जिवंत सापडला होता, पण भाजून काही राहिलं नव्हतं. सॉममधल्या मेअरिकूर गावच्या दफनभूमीत त्याला पुरलं. आतलं जे घडलं ते पाहणारा एकच माणूस होता, तोही मेलाच असं सगळे धरून चाललेले. ब्रॉफी आला म्हणून ते कळलं. मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला ११ ऑक्टोबर १९४६ ला. तोवर विनिपेगच्या त्या पोलिश घरातला मुलगा, वडील गेल्यावर चामडं कापायच्या कामाला लागलेला, जाऊन दोन वर्षं उलटली होती.

मापात क्लोव्हर दाखवणं अशक्य. सुईच्या टोकाने हिरवा ठिपका लावलाय, भिंगातूनही ठिपकाच दिसतो. त्याची जबाबदारी आता माणसांवर. दोन आकृत्या मागच्या दाराजवळ उभ्या आहेत, प्रत्येकी अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर. त्यातल्या एकाचा उजवा हात कापून कोपरात वाकवला, पुढे काहीतरी देतोय असा. रात्री चिकटवून झोपलो. सकाळी पाहिलं तर सांधा सुकताना वर उचलला गेलेला, हात थेट कपाळाकडे. सलामच.

ब्लेड घेऊन पुन्हा कापलाय. या वेळी आत तार घातलीये, हात छातीच्या खालीच राहील. तो सुकला की फ्युजलाज बंद करतो.