तुम्ही विचारलंत म्हणून: ताप उतरला, मग सांधे अजून का दुखतात?

२०२४च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियाची साथ आली, त्यात मीही सापडले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये, सोसायटीत, फोनवर एकच प्रश्न येतो: "ताप जाऊन इतके महिने झाले, तरी अजून कसं दुखतंय? आणि हे थांबतं कधी?" विचारणारे निम्मे लोक स्वतःच त्यातून जात असतात. बाकीच्यांच्या घरात कुणीतरी "उगाच पडून असतं".

उगाच नसतं, हे आधी सांगते. ताप आठवड्याच्या आत जातो. विषाणूही साधारण तेवढ्याच काळात रक्तातून हटतो. पण त्याच्याशी लढायला उठलेली आपली प्रतिकारशक्ती लगेच शांत होत नाही, सांध्यांच्या आतली सूज मागे राहते. बोटं, मनगटं, घोटे हे लहान सांधे जास्त धरतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतं. काहींचं वर्षभर, क्वचित त्याहूनही जास्त रेंगाळतं. वय चाळिशी-पन्नाशीपुढचं असेल, आधीपासून संधिवात असेल किंवा तापातच सांधे फार धरले असतील, तर जास्त वेळ लागतो. बायकांमध्ये हे प्रमाण अधिक दिसतं.

सकाळ सगळ्यात वाईट. पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेपासून कळ यायची. मूठ वळायची नाही. कुकरचं झाकण फिरवणं, टॉवेल पिळणं, ब्लाउजचे हूक लावणं, अशा कामांना इतकी ताकद लागते हे एरवी कळतही नाही. पोळी लाटताना मनगट अर्ध्यात थांबायचं. अकराच्या सुमारास हात जरा मोकळे व्हायचे, आणि नेमकं तेव्हाच लोक मला बघायचे. त्यांना मी ठणठणीत दिसायचे.

माझ्या मावशीने मात्र काहीच विचारलं नाही. ती लातूरची. २००६च्या साथीत तिच्या गल्लीत घराघरात माणसं आडवी झाली होती, त्यात तीही होती. फोनवर म्हणाली, "पहाटे मूठ मिटत नाही ना गं? कोमट पाण्यात हात बुडवून ठेव, आणि आतच बोटं हळूहळू हलव." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी समजून बोललं होतं. हा आजार आपल्याकडे नवा नाहीच, बार्शीला १९७३मध्येच त्याची साथ येऊन गेली आहे. तरी प्रत्येक साथीत दुखणाऱ्याला आपलं दुखणं नव्याने पटवून द्यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुखण्याइतकाच थकवा छळतो. झोपून उठलं तरी अंगात त्राण नसतं. इथे माझं ठाम मत आहे: बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकू नका. एक दिवस माळा आवरला की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. त्या दिवशीही निम्मंच करा, मध्ये बसा, उरलेलं उद्यावर टाका. नुसतं पडूनही राहू नका, सांधे आखडतात. घरातल्या घरात थोडं चालणं, बोटं-घोटे फिरवणं, दुखेल तिथे थांबणं, एवढं पुरतं. थकवा हटतच नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून घ्या. दरवेळी सगळा दोष तापाचाच नसतो.

तापानंतर दोन-तीन महिन्यांनी काहींचे केस मूठमूठ गळतात. बहुतेकांचे परत येतात. काहींच्या नाकावर काळपट डाग येतात, तेही हळूहळू फिकट होतात. "टेस्ट अजून पॉझिटिव्ह येते" म्हणून घाबरू नका, रक्तातल्या प्रतिपिंडांची ती चाचणी कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते. दुखणं उलटलं म्हणजे बहुधा आजार पुन्हा झालेला नसतो. जुनीच सूज डोकं वर काढते, थंडीत तर हमखास असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

औषधांचं मात्र मनाने करू नका. ताप चालू असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच बरं. इतर वेदनाशामक गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड तर नकोच. तीन महिन्यांनंतरही सूज असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास सांधे आखडत असतील, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा. काहींना संधिवाताचीच औषधं काही काळ घ्यावी लागतात, आणि ती लागू पडतात.

आणि जे घरच्या माणसाविषयी विचारतात त्यांना: "आज कसं आहे?" एवढं विचारून थांबू नका. सकाळचा पहिला चहा तुम्ही करा, कुकर तुम्ही लावा, पिळायचे कपडे तुम्ही पिळा. तिने मागायची वाट बघू नका, कारण महिना उलटला की मागायचीही लाज वाटायला लागते.