काटा जागचा हलला कसा?

गळीत हंगाम ऐन भरात आणि कारखान्याचा वजनकाटा अडकलेला. काटा वजन दाखवत होता, पण ते सर्व्हरपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून पावती निघत नव्हती. गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मी पोचलो तोवर सर्व्हर रीस्टार्ट करून झाला होता, तो करतातच.

सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या मुख्य नेटवर्क स्विचचे सगळे दिवे एकदम फडफडत होते. नेटवर्कवरून लॉगिन होईना. थेट स्विचला कन्सोल केबल लावली तेव्हा कुठे लॉग दिसला: मॅक फ्लॅपिंग, ओळीमागून ओळ. म्हणजे एकाच यंत्राचा पत्ता स्विचला कधी या पोर्टावर, कधी त्या पोर्टावर दिसत होता.

हा मेसेज एरवी आम्ही सोडून देतो. कुणाचा मोबाइल वायफायच्या एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर गेला तरी तो उमटतो. पण इथे जागा बदलत होता काट्याचा कॉम्प्युटर, सर्व्हर, बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा गेटवे. यांना पाय कधी फुटले?

स्विच पत्ते शिकतो ते भाबडेपणाने. फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, ज्या पोर्टातून आत आली, पाठवणारा तिकडेच राहतो असं तो लिहून ठेवतो. बहुतेक ठिकाणी 300 सेकंदांसाठी. पुढे कुठे लूप, म्हणजे वायरींचं बंद वर्तुळ, असला की काट्याची ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली, फ्रेम फिरून भलत्याच पोर्टातून परत येते आणि स्विच आधीची नोंद बदलतो. मग सर्व्हरचं उत्तर त्या भलत्या बाजूला जातं. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्पे जगायचं याची मर्यादा, असतो, इथरनेट फ्रेमला नाही, त्यामुळे ती आपण होऊन मरत नाही.

लॉगच्या प्रत्येक ओळीत दोन पोर्ट होते. एक दर वेळी वेगळा, दुसरा कायम 7. बाहेर हॉर्न वाजत असताना एवढी साधी गोष्टही पटकन डोळ्यात भरत नाही. 7 वरची फायबर शेतकी विभागात जात होती. ती काढली आणि पावत्या निघायला लागल्या.

शेतकीत टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच होता. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्यातच.

"लोंबत होती साहेब, बरं दिसत नव्हतं," क्लार्क म्हणाले.

स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप शोधून पोर्ट ब्लॉक करणारी व्यवस्था, चालू असून हे सुटलं कसं, हा प्रश्न मला जास्त छळत होता. मुख्य स्विच दर 2 सेकंदांनी बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा निरोप, सोडतो. तो फिरून परत आला असता तर पोर्ट 7 ब्लॉक झाला असता. लॅपटॉप लावून तपासलं, तर तो स्वस्तातला डबा बीपीडीयू पुढे सोडतच नव्हता. स्वतः स्पॅनिंग ट्री चालवायची नाही आणि दुसऱ्याची गिळायची! अशा ठिकाणी बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्डही हात चोळत बसतो, त्याला परत आलेलं काही दिसतच नाही.

म्हणून विभागांकडे जाणाऱ्या पोर्टांवर ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा घालणारं स्टॉर्म कंट्रोल बसवलं, शिवाय लूप डिटेक्शन. लूप डिटेक्शनची तपासणीची फ्रेम बीपीडीयूपेक्षा वेगळ्या पत्त्यावर जाते, ती असल्या डब्यातूनही फिरून येते आणि पोर्ट बंद पडतो. आता शेतकीत कुणी पुन्हा आवराआवर केली, तर फोन फक्त शेतकीतूनच येईल.