निळा रंग मला फार उशिरा दिसला

१९९३ साली आमच्या चिपळूणच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. हे आधीच सांगते, कारण ज्या गेमविषयी लिहायला बसले आहे तो मी जवळजवळ तीन वर्षं राखाडी रंगात खेळले. त्यातला छोटा यंत्रमानव निळा आहे हे मला माहीतच नव्हतं. कॅसेटवरचा कागद सोललेला होता, त्यावर फक्त अर्धं जपानी अक्षर आणि एक बूट उरला होता.

गेमचं नाव रॉकमॅन २. जपानबाहेर त्याला मेगा मॅन २ म्हणतात. शेजारचे काका मस्कतला नोकरीला होते, त्यांनी आणलेल्या कॅसेटांच्या पिशवीतून तो आमच्याकडे आला. त्यांच्या मुलाला तो आवडला नाही. शर्यतीच्या गाड्यांची कॅसेट त्याला दिली आणि ही आम्ही घेतली. तेव्हा आपल्याकडे मिळणारे बहुतेक व्हिडिओ गेम फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेम यंत्राच्या नकलाच होते, त्यामुळे जपानी कॅसेट फुंकर मारून दाबली की सरळ बसायची. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची, बटण फिरवत चॅनेल धरायचा. मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर यायचं.

ते पहिलं चित्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. रात्रीचं शहर. मजकूर जपानीत, आम्हाला काहीच कळला नाही. मग दृश्य एका उंच इमारतीच्या भिंतीवरून वर सरकायला लागतं, सरकतच राहतं, आणि त्याबरोबर संगीत चढत जातं. अगदी वर, गच्चीच्या कडेला एक मुलगा उभा. डोक्यावर हेल्मेट नाही, केस वाऱ्यावर उडताहेत. स्टार्ट दाबलं की तो हेल्मेट चढवतो आणि प्रकाशाची रेघ होऊन निघून जातो. मी दहा वर्षांची होते, दादा तेरा वर्षांचा. एक शब्द न कळता आम्हाला सगळं कळलं होतं. हा एकटा आहे आणि लढायला चालला आहे.

पुढे आठ चेहरे येतात, प्रत्येक आपापल्या वाटेच्या शेवटी उभा असलेला मोठा शत्रू, म्हणजे बॉस. कुठल्याही चेहऱ्यापासून सुरुवात करा, गेम काही सांगत नाही. आम्ही त्यांना आमची नावं ठेवली होती. पोटात पंखा असलेला एअर मॅन म्हणजे पंखेवाला, कपाळावर करवतीचं चक्र मिरवणारा मेटल मॅन म्हणजे चक्रवाला, झाडाच्या खोडासारखा वुड मॅन म्हणजे ओंडका. दादाने आधी पंखेवाला निवडला. त्याचे वावटळीचे झोत आम्हाला मागे ढकलत राहिले, आणि तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. चौथ्या दिवशी मी हट्टाने चक्रवाल्याकडे नेलं. तिथे सरकते पट्टे आणि वरून आदळणारे दाते होते, पण शेवटी तो साध्या बंदुकीनेच हरला आणि त्याची चक्रं आम्हाला मिळाली.

खरा गेम तिथून सुरू झाला. बंदूक फक्त समोर चालते, चक्र मात्र आठही दिशांना फेकता येतं. आणि प्रत्येक बॉसचं शस्त्र दुसऱ्या कुणासाठी तरी जालीम आहे. चक्रं बबल मॅनला कापतात. त्याचे जमिनीवरून घरंगळणारे जड बुडबुडे हीट मॅनला संपवतात. हीट मॅनची आग बटण दाबून धरून तापवली की ओंडका दोन-तीन गोळ्यांत जळून जातो. ओंडक्याची पानं पंखेवाल्याला चालतात (आमचं तेव्हाचं ठाम मत: पानं पंख्यात अडकतात). पंखेवाल्याची वावटळ क्रॅश मॅनला पाडते. पाणी आगीला, आग लाकडाला, इथपर्यंत आजीलाही पटलं असतं. त्यापुढे मात्र करून बघण्याशिवाय मार्ग नव्हता. अंगातली शक्ती दाखवणाऱ्या २८ बारीक रेघांपैकी एका फटक्यात किती उतरल्या हे दादा मोजायचा आणि मी लिहून घ्यायचे.

शस्त्र बदललं की रॉकमॅनचा रंगही बदलतो. आमच्याकडे बदलायची ती फक्त छटा. गडद राखाडी, फिकट राखाडी, जवळपास पांढरा. आम्ही त्या छटांवरून शस्त्र ओळखायला शिकलो होतो. दादा म्हणायचा, "राखेचा रंग घे," आणि मला कळायचं की त्याला कुठलं हवंय.

आज चाळिशीत तो गेम पुन्हा खेळते तेव्हा मला सर्वांत जास्त जाणवतं ते हे की त्याने आम्हाला शिकवण्यासाठी आमच्यावर भाषेची किंवा रंगाची अट घातलीच नव्हती. हीट मॅनच्या वाटेवर लाव्हावर चौकोनी ठोकळे उमटतात आणि नाहीसे होतात. डोळ्यांनी बघून उडी मारली तर उशीर होतो. पण प्रत्येक ठोकळा आवाज करून उमटतो, आणि त्या आवाजांची ठरलेली लय असते. दादा माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरायचा आणि मी उड्या मारायचे. क्विक मॅनच्या वाटेवर विहिरीसारख्या उभ्या पोकळीतून खाली पडायचं असतं, आणि दोन्ही बाजूंनी प्रकाशाच्या पट्ट्या सुटतात. पट्टी अंगाला लागली की मृत्यू. तिथे विचार करायला वेळच नसतो, हातांना वाट पाठ असावी लागते.

फ्लॅश मॅनकडून काळ थांबवायचं शस्त्र मिळतं. ते लावलं की त्या पट्ट्या थिजतात. पण एकदा सुरू केलं की शक्ती पूर्ण संपेपर्यंत ते थांबत नाही, मधे दुसरं शस्त्रही घेता येत नाही. आणि तेच शस्त्र क्विक मॅनची निम्मी शक्ती खातं. म्हणजे वाटेत वापरलंत तर दारापाशी रिकाम्या हाताने पोहोचणार, जपून ठेवलंत तर वाट स्वतःच्या हिमतीवर उतरायची. हा पेच घालायला गेमला एक वाक्यही लागलं नाही. यावर आम्ही दोघं भांडलो, दोन दिवस बोललो नाही. शेवटी वाट मी पाठ केली आणि दारापाशी कंट्रोलर दादाच्या हातात दिला.

पावसाळ्यात चिपळूणची लाइट दिवसातून कितीदा जायची त्याला गणती नव्हती. लाइट गेली की गेम संपला. म्हणून आमच्या घरात गणिताच्या चौकटीच्या वहीला फार मान होता. गेम हरल्यावर पडद्यावर पाच बाय पाच चौकटींचं जाळं येतं आणि त्यात ठिपके असतात. हाच पासवर्ड. तेच ठिपके पुन्हा भरले की हरवलेले बॉस हरलेलेच राहतात. वहीची अठरा पानं मी त्या जाळ्यांनी भरली होती. भरता भरता लक्षात आलं की ठिपके नेहमी नऊच असतात. आणि वरच्या ओळीत कायम एकच ठिपका, कधी पहिल्या घरात, कधी तिसऱ्या. ती ओळ म्हणजे आपल्याकडे शक्तीचे राखीव डबे किती आहेत त्याची नोंद, हे मी एका दुपारी शोधून काढलं. पहिलं घर म्हणजे शून्य डबे, पाचवं म्हणजे चार. बाकीचे आठ ठिपके आठ बॉसचे. दादाने ताडून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं." दहावीच्या निकालापेक्षा मला ते वाक्य जास्त लक्षात आहे.

संगीतावर मला वेगळं लिहावंसं वाटतं, पण इथे थोडंच सांगते. त्या यंत्रात एका वेळी मोजकेच आवाज निघतात: सुरावटीसाठी दोन, खर्जासाठी एक, ढोलाच्या जागी खरखर. गोळी झाडली की तिचा आवाज सुरावटीतली एक जागा घेतो आणि क्षणभर गाण्याचा एक धागा गळतो. म्हणून गाणं पूर्ण ऐकायचं तर लढायचं थांबावं लागायचं. मी कित्येकदा सुरक्षित कोपरा बघून नुसती उभी राहायचे. ते बहुतेक संगीत ताकाशी तातेइशी यांचं आहे, आणि पंखेवाल्याच्या सुरावटीत पहिल्या भागाच्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांचाही हात आहे. हे मला खूप वर्षांनी कळलं. त्या काळी हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचे लोक श्रेयनामावलीत खरी नावं देत नसत, टोपणनावं देत.

तसंच दिग्दर्शक अकिरा कितामुरा यांचं. रॉकमॅन म्हटलं की केजी इनाफुने यांचं नाव घेतलं जातं. त्यांची चित्रं सुंदर आहेत यात शंका नाही, पण तो मुलगा मुळात कितामुरांचा आहे आणि इनाफुनेंनी स्वतःही हे सांगितलेलं आहे. पहिला भाग १९८७ च्या डिसेंबरात आला, त्याने फार मोठा गल्ला जमवला नाही. दुसरा भाग करायची परवानगी मिळाली ती इतर कामं सांभाळून करा या बोलीवर. तीन-चार महिन्यांत, रात्री जागवून, त्या मंडळींनी तो उभा केला. २४ डिसेंबर १९८८ ला तो जपानात आला आणि पुढे जगभर पंधरा लाखांवर खपला. अमेरिकेत १९८९ मध्ये आला तेव्हा त्यात एक सोपा पर्याय घातला गेला. आमच्या जपानी कॅसेटमध्ये तो नव्हता. हे वाचलं त्या रात्री मी दादाला फोन केला. आम्ही अवघड गेम खेळलो होतो, हे त्यालाही कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. ते आठ बॉस जपानी मुलांनी पाठवलेल्या चित्रांतून निवडले होते. कंपनीने मुलांना सांगितलं, तुमच्या मनातला शत्रू काढून पाठवा, आणि हजारो चित्रं आली. माझ्या चौकटीच्या वहीच्या मागच्या पानावर मीही एक काढला होता. नारळ फेकणारा, झावळ्यांच्या हातांचा. कुणी सांगितलं नव्हतं काढायला. त्या गेमकडे बघून काढावासा वाटला होता. मुलांच्या हातची रेघ त्यात आहे हे बहुधा मला न कळता कळलं असावं.

आठ बॉस संपले की गेममधल्या खलनायकाचा, डॉक्टर वायलीचा किल्ला, आणि किल्ल्यात पासवर्ड नाही. एका बैठकीत संपवायचा. म्हणजे लाइट टिकायला हवी. सुरुवातीलाच यांत्रिक ड्रॅगन मागे लागतो, आणि त्याच्याशी लढायचं ते हवेत तरंगणाऱ्या तीन ठोकळ्यांवर उभं राहून. फटका बसला की मागे ढकलले जाता, खाली खड्डा. पुढे भिंतीतल्या पाच तोफांची खोली. त्यांच्यावर फक्त क्रॅश मॅनचे बॉम्ब चालतात, भरलेल्या शस्त्रात बॉम्ब सातच, आणि मधल्या भिंतीही त्यांनीच फोडायच्या. एक वाया गेला तर मरायचं आणि बाहेरच्या शत्रूंकडून कण कण गोळा करत परत यायचं. सर्वांत शेवटी संगीत बंद होतं. रिकामी गुहा, छतावरून ठिबकणारे थेंब, फक्त त्यांचा आवाज. बाहेर खरा पाऊस होता. आजी देवघरातून उठून आमच्या मागे येऊन उभी राहिली होती, एरवी "डोळे जातील रे तुमचे" म्हणणारी, तीही गप्प. शेवटच्या शत्रूवर फक्त ते घरंगळणारे बुडबुडे चालतात. जड, हळू, सगळ्यांत दुर्लक्षित शस्त्र. आमच्याकडे ते पुरेसे शिल्लक होते.

मग रॉकमॅन चालायला लागतो. नुसता चालतो, आणि मागचे ऋतू बदलत जातात. आमच्या टीव्हीवर ते फक्त उजेड कमी-जास्त झाल्यासारखं दिसलं. तरी आम्ही शेवटपर्यंत बघितलं.

१९९६ च्या मे महिन्यात आम्ही आत्याकडे डोंबिवलीला गेलो. तिच्याकडे रंगीत टीव्ही होता. दादाने गेम आणि कॅसेट टॉवेलात गुंडाळून नेली, वही मी नेली. गच्चीवरचा मुलगा हेल्मेट चढवून निघाला आणि पहिल्या स्टेजवर उतरला तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो आकाशासारखा निळा होता. मग मी वहीतले नऊ ठिपके भरले आणि आम्ही थेट किल्ल्यावर गेलो. तिथे दादाने चक्र घेतलं, आग घेतली, पानं घेतली, एकामागून एक, कुणावरही न झाडता, नुसते रंग बघत. मग किल्ल्याला भिडलो. दोन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री तो पुन्हा चालायला लागला. ऋतू खरोखरच बदलत होते, आणि त्यांच्याबरोबर त्याच्या चिलखताचे रंगही. शेवटी तो दिसेनासा होतो आणि गवतावर त्याने काढून ठेवलेलं हेल्मेट उरतं. आत्या झोपली होती म्हणून आवाज बंद होता. हिरवं गवत, आणि त्यावर ते निळं हेल्मेट. दादाने बराच वेळ गेम बंद केला नाही.