सान सिरो 1:500 : दुसऱ्या रिंगचा चढ अखेर बसला

बसला! इटलीतल्या मिलान शहराच्या सान सिरो या फुटबॉल स्टेडियमचं मी पाचशेपट लहान पुठ्ठ्याचं मॉडेल करतेय. रविवारी दुपारी त्याच्या नैऋत्य कोपऱ्यावरचा चढ, म्हणजे रॅम्पची पट्टी, भिंतीला सपाट चिकटली. सोमवारी क्लिपा काढल्या, आज बुधवार आहे, आणि अजून ती तशीच आहे. मागच्या तीन अपडेटमध्ये मी तुम्हाला लाटा आलेल्या पट्ट्यांचेच फोटो दाखवत होते, म्हणून ही बातमी आधी.

कुठे अडलं होतं ते थोडक्यात. पहिली रिंग, म्हणजे प्रेक्षकांच्या जागांचा सगळ्यात खालचा थर, होळीच्या सुमाराला पूर्ण झाली. 1926 चं मूळ स्टेडियम म्हणजे चार सरळ स्टँड. पिएरो पिरेल्ली मिलान या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष असताना ते उभं राहिलं, आराखडा उलिस्से स्ताक्कीनी आणि अल्बेर्तो कुजिनी यांचा. त्यात मला काही त्रास झाला नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस बांधलेले गोल कोपरेही आयव्हरी शीटचे (गुळगुळीत जाड कार्डाचे) पाच थर एकावर एक लावून निघाले. (19 सप्टेंबर 1926 च्या उद्घाटनाच्या सामन्यात शहरातल्याच इंटर या दुसऱ्या क्लबने मिलानला 6-3 हरवलं होतं. पहिली रिंग सुकत असताना त्या सामन्याबद्दल मी घरात सगळ्यांना सांगून झालं.) मैदान 105 बाय 68 मीटरचं, म्हणजे आपल्या मापात 21 बाय 13.6 सेंटिमीटर. तेही तयार आहे.

खरी परीक्षा 1955 ची. त्या वर्षी रोंका आणि काल्झोलारी या रचनाकारांनी जुन्या स्टँडना हात न लावता दुसरी रिंग त्यांच्यावर उचलून धरली. तिथपर्यंत प्रेक्षकांना नेण्यासाठी स्टेडियमच्या बाहेरून, कडेकडेने चढत जाणारे लांब रॅम्प गुंडाळले. सान सिरोच्या जुन्या फोटोत ते आडवे पट्टे दिसतात ना, ते सजावटीचे नाहीत. माणसं त्यांवरून चालत वर जातात. लोकांची ये-जा हीच इमारतीची दर्शनी बाजू झाली आहे. मी हे स्टेडियम निवडलं ते याच पट्ट्यांसाठी, आणि चार महिने अडकले तीही त्यांच्यातच.

माझ्या मापात एक रॅम्प वरून पाहिला तर 400 मिमी लांब, 7 मिमी रुंद, आणि तेवढ्यात 40 मिमी चढतो. म्हणजे दहाला एक. पहिली चूक वैशाखात सापडली. मी पट्ट्या वरून दिसणाऱ्या नकाशावरून कापत होते, पण चढावरची लांबी नकाशातल्या लांबीपेक्षा जास्त असते. 400 ची 402 होते. दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात एक मीटर, म्हणून वरच्या टोकाला पट्टी दाराच्या अलीकडेच संपत होती. ते दुरुस्त केलं आणि वाटलं, जिंकलो. सरळ भागात पट्ट्या सुरेख बसल्या. कोपरा आला की मात्र तेच. आतली कड भिंतीपासून सुटायची, बाहेरच्या कडेला लाट यायची. जास्त दाबलं तर पुठ्ठ्याला वळी पडायची, आणि एकदा पडलेली वळी परत जात नाही.

मी सगळा दोष हवेवर टाकला होता. बडोद्यातला आषाढ तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी कापलेली पट्टी संध्याकाळी पापडासारखी होते. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्यामुळे एकाच बाजूला लावला की कार्ड दुसऱ्या बाजूला वळतं. म्हणून गोंद बदलला, कार्ड 300 वरून 220 जीएसएमवर (म्हणजे पातळ) आणलं, पट्ट्या रात्रभर जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबून ठेवल्या. पुठ्ठ्याचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, लांबीच्या दिशेने येईल असं कापलं. (हे मात्र कराच. रावपुऱ्यात मी जिथून कार्ड घेते तिथले काका शीट हातात धरून, हलकेच वाकवून धागा कुठल्या दिशेला आहे ते सांगतात. ऑनलाइन मागवलेल्या शीटवर हे कुणी लिहीत नाही, आणि माझी दोन पाकिटं त्यामुळेच वाया गेली.) एवढं करून फरक पडला, पण थोडा. कोपरा कोपराच राहिला.

मग शनिवारी आत्या आली. दांडिया बाजारच्या वाड्यात तिने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. तिला फुटबॉलशी काही घेणं नाही, पण टेबलावर काही कापलेलं दिसलं की तिला राहवत नाही. चष्मा लावून तिने पट्टी भिंतीला धरली, दोन-तीनदा पुढे-मागे केली आणि म्हणाली, "अगं, ही गोलाई आवळतेय. गळ्याच्या पट्टीला आपण आतून काप देतो की नाही? नाहीतर गळा उभा राहतो. हिला उघडायला जागा दे."

मी म्हटलं, आत्या, हा कागद आहे, कापड नाही. ती म्हणाली, "मग काय झालं? गोल ते गोल."

तिने स्वतःच्या कात्रीने आतल्या कडेला दर चार मिलिमीटरला एक बारीक काप दिला, पट्टीच्या अर्ध्या रुंदीपर्यंत. पट्टी भिंतीला लावली आणि ती बसली. लाट नाही, ओढ नाही. मी भिंग घेऊन पाहिलं तर प्रत्येक काप केसाएवढा उघडला होता, आणि सगळे सारखेच.

ते सारखे उघडले, हीच या सगळ्या चार महिन्यांतली मोलाची गोष्ट. हवा दोषी असती तर काप वेडेवाकडे उघडले असते. सारखे उघडले म्हणजे मापच चुकलेलं होतं. रात्री कागद घेऊन बसले. कोपऱ्यात आतल्या कडेची त्रिज्या नकाशात 60 मिमी आहे आणि मी पट्टीही 60 च्याच कंपासने कापत होते. पण वाट चढत गेली की तिचं वळण सैल होतं. नव्वद अंशांचा तोच कोपरा, पण आता जास्त लांबीवर पसरलेला. सपाट कागदावर ती त्रिज्या चढाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावी लागते. दहाला एक चढ म्हणजे शंभराला एक वाढ, 60 ची 60.6. कोन नव्वदऐवजी साडेएकोणनव्वदच्या किंचित वर. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडंसंच जास्त! पण कार्ड ताणत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी ते भिंत सोडतं.

रविवारी सकाळी 60.6 चा पत्र्याचा साचा केला आणि एनटी कटरने (धारदार पात्याच्या सुरीने) पट्टी कापली, एकही काप न देता. तीच ही, नैऋत्य कोपऱ्यावरची. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझे काप नकोत आता?" नकोत, पण त्यांच्याशिवाय साचा आला नसता. तिच्या हातची ती कापलेली पट्टी मी मॉडेलच्या आतल्या भिंतीला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, लावून ठेवणार आहे.

लेझर कटिंगबद्दल अनेकांनी विचारलं होतं. मी शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमधून एक खेप करून आणली. माप अचूक होतं, पण कडा तपकिरी जळलेल्या आल्या आणि पांढऱ्या काँक्रीटवर ते वाईट दिसतं. सान सिरोचे पट्टे उजळच हवेत. रॅम्प मी हातानेच कापणार. पायऱ्यांच्या कंगोऱ्यांसाठी मात्र लेझर चालेल, त्या आत झाकल्या जातात.

आता बेत बदलतोय. ठरलं होतं की सगळं एकसंध चिकटवून टाकायचं. पण चढाचं गणित करताना लक्षात आलं की हे स्टेडियम असं वाढलंच नाही. 1955 ने 1926 ला न पाडता वर बांधलं, आणि 1990 च्या विश्वचषकासाठी 1955 ला न पाडता त्याच्या बाहेरून अकरा काँक्रीटचे गोल मनोरे उभे करून त्यांवर तिसरी रिंग टेकवली. त्यातले कोपऱ्यांचे चार मनोरे उंच आहेत, छपराच्या लाल तुळया त्यांच्यावर आहेत. मग मॉडेलही तसंच का नको? छप्पर आणि तिसरी रिंग एक तुकडा. तो उचलला की 1955. तो 1955 चा थर उचलला की दुसऱ्या महायुद्धाआधीचं सान सिरो. तिसरी रिंग फक्त तीन बाजूंना आहे. पूर्वेला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान जवळ असल्याने तिथे ती नाही. त्यामुळे उचलताना तोल जाईल, ते बघावं लागेल. मनोऱ्यांच्या तळाशी लहान चुंबक बसवायचा विचार आहे. कुणी 3 मिमीचे वापरले असतील तर सांगा, ओढ पुरते का?

एकसंध न करण्याला आणखी एक कारण आहे. 2025 मध्ये मिलानच्या महापालिकेने हे स्टेडियम दोन्ही क्लबांना विकायला मंजुरी दिली. बेत असा की शेजारी नवं बांधायचं आणि जुन्याचा बहुतेक भाग पाडायचा. इटलीत सार्वजनिक मालकीची वास्तू सत्तर वर्षांची झाली की तिला वारसा म्हणून संरक्षण मिळू शकतं. दुसरी रिंग नोव्हेंबर 2025 मध्ये सत्तरीची होणार होती. व्यवहार त्याच्या काही दिवस आधी उरकण्यात आला. म्हणजे माझ्या टेबलावर आहे तोच थर, हेच चढते पट्टे. हे वाचल्यापासून माझी घाई गेली. हा थर वेगळा काढून हातात धरता यायला हवा, आणि पट्टे मोजता यायला हवेत.

जुन्यांना आठवत असेल, माझा पहिला पाया ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरात गेला. तेव्हा तो तळमजल्यावरच्या कपाटात होता. आताचा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरते. पावसाळ्यात कागदकाम करणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावंच.

मैदानाबद्दल एक छोटी गोष्ट. छप्पर आल्यानंतर तिथल्या गवताला ऊन आणि वारा मिळेना, वर्षानुवर्षं ते पुन्हा पुन्हा घालावं लागलं, शेवटी 2012 मध्ये कृत्रिम धागे मिसळलेलं मैदान केलं. थर सुटे होणार म्हणजे मला आता दोन मैदानं लागतील. छपराखालचं थोडं फिकट, 1955 चं गर्द. मंगळ बाजारात हिरव्या मखमलीच्या दोन छटा पाहून ठेवल्यात.

उरलेले कोपरे या आठवड्यात. मग मनोरे, आणि त्यांच्याभोवतीही गोल चढ आहेत. तिथे त्रिज्या लहान आहे, आणि चढ जास्त असल्याने वाढ एका टक्क्याच्या बरीच वर जाणार. साचा नव्याने काढावा लागेल. आत्याला रविवारी जेवायला बोलावलं आहे, कात्री घेऊन ये म्हटलंय.